समुद्ररस्ता आणि माझी हरकत

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०
नगरपालिकेच्या फाटकावर नोटीस. समुद्ररस्ता रोज संध्याकाळी पाच ते आठ वाहनांना बंद करणार म्हणे. लोकांना चालायला मोकळा. हरकती आणि सूचना सतरा तारखेच्या आत. वीस तारखेला सभागृहात नागरिकांना बोलायची संधी, प्रत्येकी तीन मिनिटं.

या शहरात सरळ, सपाट, रुंद रस्ता एकच. त्याच्यावर मी एकवीस वर्षं माणसांना गाडी शिकवतोय. आणि पाच ते आठ हीच माझ्या ऑफिसवाल्या विद्यार्थ्यांची वेळ. बाकीचे रस्ते नुसते चढ आणि वळणं. नवख्या माणसाला तिथे नेणं म्हणजे पोहायच्या पहिल्या दिवशी बंदराबाहेर नेऊन सोडणं.

अर्थात प्रश्न माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा नाही. प्रश्न लोकशाहीचा आहे. भाषणात हे वाक्य पहिलं घ्यायचं.

आजपासून रोज अर्धा तास भाषणाची तयारी.

५ फेब्रुवारी, बुधवार
तयारी झाली नाही. क्लच प्लेट गेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी
पालिकेतून फॉर्म आणला. खिडकीवरच्या कारकुनाने एकच दिला. बाकीच्या झेरॉक्स काढा म्हणाला. काढणारच. एकट्या माणसाला कोण विचारतो? गठ्ठा बघितला की पालिकेचे धाबे दणाणतात.

फॉर्ममध्ये लिहिलंय: 'समुद्ररस्ता उपरोक्त वेळेत वाहनांस बंद करण्यास अर्जदाराची हरकत नाही. होय / नाही. योग्य तेथे खूण करावी.' सरकारी मराठी ही मुळात माणूस दमावा म्हणूनच लिहितात. सबंध वाचत बसायचं नसतं, कामाचा शब्द तेवढा उचलायचा. 'हरकत' दिसला. आहे का? आहे. 'होय'वर ठसठशीत खूण केली. शेऱ्याच्या रकान्यात मजकूर: 'ही तीव्र लोकभावना आहे. पालिकेने तिचा आदर करावा.' स्वतःलाच आवडला. दोनदा मोठ्याने वाचला.

मेहुण्याच्या दुकानात साठ झेरॉक्स. खूण आणि शेरा छापूनच आला, म्हणजे लोकांनी फक्त नाव लिहून सही करायची. याला म्हणतात ऑर्गनायझेशन. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही खरं म्हणजे पुढच्या वेळी वॉर्डातून उभं राहायला हवं. लोकांमध्ये अशी चर्चा आहे तर.

९ फेब्रुवारी, रविवार
पहिली सही घरातूनच घ्यावी म्हणून फॉर्म बायकोपुढे ठेवला. मनातून धाकधूक होती. डॉक्टरांनी तिला गुडघ्यांसाठी रोज चाळीस मिनिटं सपाटीवर चालायला सांगितलंय. ती समुद्ररस्त्यावर जायचीही, पण पावसाळ्याआधी कुठल्याशा गाडीचा आरसा तिच्या कोपराला लागला आणि तिने जाणं सोडलं. (गाडी आमचीच होती. विद्यार्थी नवीन होता. शिवाय आरसा दुमडणारा आहे.)

तिने चष्मा लावला, फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. मग सही केली. वर चहाही केला. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या मताला एवढा पटकन पाठिंबा पहिल्यांदाच. मुद्दा पटवून द्यायची हातोटी असावी लागते.

१२ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी
हेडबाईंचा क्लास. या आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मला चौथीत होत्या, आता मी त्यांना गाडी शिकवतो. वय चौसष्ट. लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास, दोन्हीदा चढावर. माझे बहुतेक विद्यार्थी चढावरच नापास होतात. आरटीओच्या इन्स्पेक्टरचा माझ्यावर जुना राग आहे, दुसरं कारण नाही.

त्या गाडी चालवत असताना मी शेजारी बसून भाषण म्हणून दाखवलं. श्रोता जागचा हलू शकत नाही हा या पद्धतीचा फायदा. सुरुवात अशी: हा रस्ता म्हणजे या शहराचा श्वास, इथली हवा, इथला सूर्यास्त, इथे हुंदडणारी मुलं. आधी रस्त्याचं महत्त्व ठसवायचं, मग 'परंतु' म्हणून तोफ डागायची. भाषण सोळा मिनिटांचं झालं. बाई म्हणाल्या, तीनच मिनिटं मिळणार आहेत, 'परंतु' आधी घे. मी म्हटलं, बाई, त्याने परिणाम जातो. त्या म्हणाल्या, तू चौथीतही निबंधाची प्रस्तावनाच लिहायचास.

फॉर्म दिला. त्यांनी लाल दिव्याला गाडी थांबवून वाचला. विचारलं, हे तू नीट वाचलंयस ना? म्हटलं, मीच भरलाय. मग म्हणाल्या, असं असेल तर आनंदाने सही करते. मागून हॉर्न वाजत होते तरी सही वळणदार.

१७ फेब्रुवारी, सोमवार
एक्केचाळीस फॉर्म दाखल केले. विद्यार्थी, त्यांचे घरचे, आमच्या जिन्यातले सगळे. गंमत म्हणजे कोणीच का-कू केलं नाही. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने तर सही करून माझा हात हातात घेतला. स्वतःचं नुकसान सोसून असं करणारा माणूस आजकाल दिसत नाही म्हणाला. नुकसान कसलं ते कळलं नाही. झेरॉक्सचं म्हणत असेल.

कारकुनाने गठ्ठा चाळला, उठून उभा राहिला आणि मला खुर्ची दिली. घाबरलाय.

भाषण नऊ मिनिटांवर आलंय. उद्या आणखी कापायचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कापायला बसलो. एक नवा परिच्छेद सुचला. अकरा मिनिटं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५.४०, गाडीत
जिंकलो.

सभागृह भरलेलं. पंखे दोन, त्यातला एक नगराध्यक्षाबाईंच्या डोक्यावर. माझा नंबर चौथा. बायको शेवटच्या रांगेत हेडबाईंच्या शेजारी. पायरीवर अडखळलो. पायरी नीट बसवलेली नाही, त्याचीही तक्रार करायला हवी. पण एकदा माइक हातात आला आणि वाणी जी सुटली. श्वास झाला, हवा झाली, सूर्यास्त झाला. मुलांचं वर्णन करताना समोरच्या बाकावरच्या बाईंनी डोळे टिपले. मग मी थोडा थांबलो, सभागृहावरून नजर फिरवली आणि आवाज चढवून म्हणालो, 'परंतु...' आणि घंटा वाजली.

शिपायाने माइक काढून घेतला. मी तसाच पुढे बोलत होतो पण टाळ्यांच्या कडकडाटात ऐकू गेलं नसावं. नगराध्यक्षाबाई स्वतः टाळ्या वाजवत होत्या. ज्या सभागृहात 'परंतु' एवढ्यावर टाळ्या पडतात तिथे पुढचं बोलायची गरज काय? लोकांना कळतं.

निकालाला थांबलो नाही. साडेपाचचा क्लास होता. समुद्ररस्ता आज विशेष देखणा दिसतोय. आपण वाचवलेली गोष्ट वेगळीच दिसते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८
पेपरात पान तीनवर माझा फोटो. तोंड उघडं आहे, पण एकंदरीत बरा. मथळा: 'धंद्यावर पाणी सोडून ड्रायव्हिंग स्कूलचालकाचा रस्ताबंदीला पाठिंबा. प्रस्ताव एकमताने मंजूर.'

छपाईच्या चुका हल्ली फार वाढल्यात.

सकाळी ११.३०
पालिकेत जाऊन आलो. कारकुनाने फाईल काढून दिली. एकूण फॉर्म अठ्ठावन्न. बाजूने एकोणपन्नास, त्यातले माझे एक्केचाळीस. विरोधात नऊ, बहुतेक रिक्षावाल्यांचे. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. 'हरकत नाही.' 'नाही' तिथे खरंच पहिल्यापासून होता का, अशी शंका येऊन मूळ कागद उजेडात धरूनही पाहिला. होता.

कारकुनाला म्हटलं, समजा, एखाद्याला मत बदलायचं असलं तर? म्हणाला, मुदत सतरालाच संपली. आणि साहेब, बदलेल कोण? तुमचं भाषण ऐकून दोन विरोधक पण फिरले.

तेवढ्यात नगराध्यक्षाबाई जिन्यावरून उतरल्या. सरळ माझ्याकडे आल्या. एक मार्चला रस्ता खुला करायचा, दोन शब्द तुम्हीच बोला, वेळेचं बंधन नाही म्हणाल्या. आजूबाजूला दहा माणसं उभी. मी हो म्हणालो. वेळेचं बंधन नाही म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
शांतपणे विचार केला. माझं मत मुळात चालणाऱ्यांच्या बाजूचंच होतं. ते मला थोडं उशिरा कळलं, एवढंच. मोठ्या माणसांचं असं होतं.

संध्याकाळचे तीन विद्यार्थी सोडून गेले. चढावर शिकायची भीती वाटते म्हणाले. मलाही वाटते, पण हे त्यांना सांगितलं नाही.

बायकोने कपाटातून चालायचे बूट काढले. नव्या नाड्या आणल्या. पेपरातला फोटो कापून आरशाच्या कडेला खोचलाय. जेवताना सहज म्हणाली, मला वाटायचं माझ्या गुडघ्यांचं तुमच्या लक्षातच नाही. मी भात कालवत राहिलो. भात आधीच कालवलेला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार
तीन विद्यार्थी गेलेले, रस्ता जाणार, तेव्हा आजच हेडबाईंना बाजारामागच्या चढावर नेलं. अकरा वेळा गाडी बंद पडली. दोनदा मागे घसरली. दुसऱ्यांदा मागचा भाजीवाला हातगाडी सोडून पळाला. मी माझ्या बाजूचा ब्रेक असा दाबून धरला होता की पोटरीला गोळा आला. भाषण वगैरे सुचलंच नाही. नुसतं क्लच अर्धा, थोडा गॅस, आता सोडा, आता सोडा, असं तासभर. बाराव्या वेळी गाडी सुतासारखी सरळ वर गेली.

बाई वर पोचून म्हणाल्या, पाच महिन्यांत आज पहिल्यांदा तू मला गाडी शिकवलीस. याला कौतुक समजावं की काय याचा विचार चालू आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार
ठरवलं, बायकोला सांगून टाकायचं. सकाळी सांगणार होतो, पण ती घाईत होती. दुपारी ती झोपली होती. संध्याकाळी ती बूट घालून घरातल्या घरात चालून बघत होती आणि विचारत होती, टाच लागतेय का बघा हो. तेव्हा तोंडातून निघून गेलं. फॉर्म चुकून भरला, मला विरोध करायचा होता, गुडघ्यांचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता.

ती म्हणाली, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सही करताना वाचलं नव्हतं का मी? हेडबाईंनाही माहीत होतं.

मग बोलली का नाहीस, विचारलं.

म्हणाली, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी बरोबर भरलं होतं. मोडायला जिवावर आलं.

मग फोटो कशाला लावलास म्हटलं. म्हणाली, फोटोत चांगले दिसता. तोंड उघडं आहे, पण मी आवाज थोडाच ऐकतेय.

टाच लागत होती. आत कापूस घालून दिला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
हेडबाई पास. चढ एका दमात. इन्स्पेक्टर चकित. याने माझ्यावरचा राग सोडला असावा. दुपारपर्यंत पाच नव्या चौकशा, सगळ्यांना 'चढावरचा क्लास' हवाय. गेलेल्या तिघांतले दोघे परत. बोर्डावर लिहून घ्यायचं: 'चढावर शिकवणारे शहरातील पहिले स्कूल'. ही पद्धत मी बरीच वर्षं मनात घोळवत होतो.

१ मार्च, शनिवार. दुपारी ३
आज उद्घाटन. भाषण चौदा पानी. शेवटच्या तीन पानांवर वॉर्डातल्या गटारांचा विषय हळूच आणलाय, म्हणजे निवडणुकीची पायाभरणीही होईल. मेहुण्याला टाळ्यांसाठी उजव्या बाजूला उभं केलंय. लोक चारशे तरी येतील. इस्त्री झाली.

सायंकाळी ७.१०
लोक पाचशेच्या वर होते.

पाचला नगराध्यक्षाबाईंनी फीत कापली, शिपायाने आडवा दांडा लावला, गाड्या थांबल्या. मी पान एक सुरू केलं. समोर एवढा मोठा रिकामा रस्ता, पलीकडे समुद्र. लोकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. एका लहान मुलीने आईचा हात सोडला आणि पळत सुटली. तिच्यामागे आई, आईमागे आणखी दहा-बारा, आणि पान एकच्या खाली येईपर्यंत सगळी सभा माझ्याकडे पाठ करून चालायला लागली होती. बायको पहिल्या पन्नासात. नगराध्यक्षाबाईंनी चपला हातात घेतल्या आणि त्याही गेल्या. मेहुण्याने एकट्याने दोन टाळ्या वाजवल्या आणि तोही गेला. माइकची वायर गुंडाळायला उभा असलेला माणूस म्हणाला, साहेब, तुमचं चालू द्या, मला घाई नाही.

पान दोन वाचलं. मग त्याला घाई झाली असं वाटून थांबलो.

बायकोला गाठायला निघालो. पाहणी करणं आवश्यकच होतं. ती पुढे हेडबाईंबरोबर हसत चालली होती. मी हाक मारली, त्यांनी हात केला, पण वेग कमी केला नाही. पहिल्या दिव्यापासून पाचव्या दिव्यापर्यंत व्यवस्थित आलो. सहाव्याला बूट चावायला लागले. मग कठड्यावर बसून पाहणी केली. हवा उत्तम. मुलं हुंदडत होती. सूर्यास्त भाषणात लिहिला होता त्यापेक्षा बराच साधा आणि बराच बरा होता.

घरी आलोय. कोमट पाण्यात पाय सोडून बसलोय. बायको अजून परतलेली नाही. तिची तिसरी फेरी चालू असावी.