डोंग्याचा विमा आणि चालकाचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार
डोंग्याचा विमा काढायचा, हे आज पक्कं झालं. मंदाने तिसऱ्यांदा विषय काढला. "दहा-दहा बाया बसतात कापनीले जाताना. काही झालं तं कोनाच्या दारात जानार तुमी?" बायको म्हणते ते बरोबर आहे. डोंगा माझा. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला, फायबरचा, मागे मोटर. धरणाच्या पलीकडच्या काठावर उरलेल्या शेतांना जायला दुसरा जवळचा रस्ता नाही.
पण चालवतो सुधाकर. चुलत भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. यापुढे सु. लिहीन, पूर्ण नाव लिहायची इच्छा होत नाही. आज घाटावर एक बाई दुसरीला विचारत होती, "सुधाकरचा डोंगा आला का वो?" मी तिथेच उभा होतो, मोटरला हात लावून.

५ नोव्हेंबर, बुधवार
विम्याचा एजंट पवनीहून आला. तरुण, बोलका. दोन प्रकार सांगितले. एक, फक्त डोंगा अन् मोटर. बुडाला, फुटला, चोरीला गेला तर भरपाई. दुसरा, डोंगा, बसणारे आणि चालवणारा, सगळे. पण त्यात चालकाचं पूर्ण नाव लागतं, एकच. तोच चालवत असेल तर विमा लागू.
मी फट्‌दिशी माझं नाव सांगितलं. लायसनचा नंबरही. एसटीत एकतीस वर्षं काढली, भंडारा-लाखांदूर, एक अपघात नाही. पोरगा हसला नाही हे त्याचं चांगलं. "काका, हे बसचं लायसन आहे. बोट चालवायचं प्रमाणपत्र कोणाकडे आहे?"
मं. चहा घेऊन आली. "सुधाकर भाऊजीकडे हाये. टरेनिंग केलं नं त्यायनं." काय गरज होती मधे बोलायची?
दोन्ही अर्ज ठेवून गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सु. आजही वळसा घालून गेला. समोर पाणी मोकळं, तरी उजवीकडून लांबून. "काहून बे एवढा फिरतो?" तर म्हणे, "खाली गाव हाये नं दादा."
जसं मला माहीतच नाही. धरणाचं पाणी चढलं, गाव बुडालं, तेव्हा मी ड्यूटीवर. आमच्या घरचं सामान यानेच हलवलं, माझ्या आईला नव्या वस्तीत यानेच आणलं. कधी बोलून दाखवत नाही. दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.
वळशाचं पेट्रोल मात्र माझं.

९ नोव्हेंबर, रविवार
पहिलं धान अलीकडे आणलं. बुडालेल्या मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या ओट्याच्या वर डोंगा थांबवायचा, मोटर बंद, बाया डोक्यावर पदर घेतात, मूठभर नवं धान पाण्यात सोडायचं. गाव खाली गेलं तरी ही रीत सुटली नाही. दर वर्षी सु. थांबवतो. आज म्हटलं, मी चालवतो. मालक आहे शेवटी.
अंदाजाने थांबवला. हात जोडले, धान सोडलं. मागे कुजबुज. मग खसखस. शेवटी म्हातारी सीताबाई बोलली, "बापा, हे मातामाय नोहोय. इथं शाळेचा संडास होता."
अख्खा डोंगा हसला. मं.सुद्धा. तोंडात पदर धरून, पण हसली. सु. हसला नाही, ते जास्त झोंबलं. हळूच म्हणाला, "थोडं डावीकडं घे, दादा." घेतलं. तिथे सगळ्यांनी पुन्हा हात जोडले.
जळतो मी त्याच्यावर. इथे लिहायला कसली लाज.

१० नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. पहिला प्रकार. फक्त डोंगा, कोणाचं नाव नको.
मं.: "अन् बाया? अन् भाऊजी?"
"एवढे वर्स होता का त्याचा विमा?"
ती उठली. जेवायला वाढलं आणि आत गेली. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
विम्याचा साहेब डोंगा बघायला आला. सु. सासुरवाडीला, दिघोरीला. मी मुद्दाम आजचाच दिवस दिला होता.
साहेबाला बसवलं आणि सरळ नेला. वळसा नाही. म्हटलं, बघू दे चालवणं कशाला म्हणतात. निम्म्यावर खालून कर्रकन आवाज. पाण्याखाली वीतभर, झाडाचा खुंट. तळाला चीर, पाणी आत. साहेब दोन्ही हातांनी कड धरून म्हणाला, मला पोहता येत नाही. मलाही येत नाही, ते मी सांगितलं नाही. मी चालवतो, तो डब्याने उपसतो, असे काठाला लागलो. एकतीस वर्षांत पहिला अपघात.
साहेब चिडला नाही. बूट उलटे करून पाणी काढलं आणि म्हणाला, "पाण्याखाली असे अडथळे किती आहेत? यादी जोडा. त्याशिवाय कुठलाच अर्ज पुढे जाणार नाही."
यादी. म्हणजे पुन्हा त्याच्याकडेच.

१६ नोव्हेंबर, रविवार
सु. परत आला. कोणी सांगितलं कोण जाणे, मं.नेच असेल. न विचारता डोंगा पालथा घातला, चीर घासली, वरून फायबरचा तुकडा चिकटवला. दिवसभर उन्हात. "पाटलाच्या मोहाले लागला नं?" एवढंच विचारलं. खुंट कोणत्या झाडाचा, हे मला तेव्हा कळलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी ओट्यावर यादी केली. तो सांगत होता, मी लिहीत होतो. पाटलाचा मोह. शाळेची भिंत, अर्धी. मातामायचा ओटा. विहिरीचा कठडा. विजेचे खांब दोन, एक वाकलेला. डोळे मिटून सांगत होता, गल्लीतून चालावं तसा. मी त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालो. मला तीनच जागा आठवल्या, त्यातल्या दोन चुकल्या.
मग म्हणाला, "तुह्या घराचं जोतं नको लिहू. वळसा म्या त्याले बी घालतो, पन ते खोल हाये, डोंग्याले लागत नाही."
"लागत नाही तं मंग वळसा कायले घालते रोज?"
तो तंबाखू मळत राहिला. मग बोलला. "मोठ्या मायची चूल हाये नं तिथं. सामान काढताना म्या म्हटलं, चूल बी उचलू. ते म्हने, राहू दे. पोरगा ड्यूटीवरून आला का इथंच येईन." तंबाखू तोंडात टाकून म्हणाला, "चुलीवरून कसा नेऊ डोंगा?"
मोठी माय म्हणजे माझी आई. हे ती मरेपर्यंत मला कधी बोलली नाही. त्याला बोलली.
मातीची चूल. कधीच विरघळली असेल. आणि हा रोज तिला वळसा घालतो आणि मी पेट्रोल मोजतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
एजंट दुपारी येणार. यादीवर सही केली. दोन्ही अर्ज समोर आहेत. मं. इथूनच दोनदा गेली, विचारत नाही.
हेवा गेला का? नाही. उलट वाढला. कालपर्यंत वाटे, त्याने माझा डोंगा घेतला. आता वाटतं, मी नसताना आईही त्याचीच झाली होती. तो तिथे होता, मी नव्हतो, यात त्याचा काय दोष, हे समजतं. तरी.
सकाळी सुधाकरला म्हटलं, "आज घरावरून ने मले. मोटर बंद करून."
"तूच चालव दादा. म्या जागा दाखवतो."
दुसऱ्या अर्जात चालकाच्या पूर्ण नावाला मोठा रकाना आहे. अजून कोरा. घाटावरून त्याची हाक आली. दोन्ही अर्ज या वहीत ठेवून जातो. खिशात मूठभर धान घेतलं आहे.