कोरियन नाच आणि आधीच धाडलेली बातमी

२३ फेब्रुवारी
दौंडवर संकट. कोरियन पोरींचं ते नाचाचं गाणं रेल्वे कॉलनीत शिरलं. शब्द एक कळत नाही, तरी मान हलते. हीच आसुरी माया. अभ्यासासाठी अकरा वेळा पाहिलं. संकल्प : शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या आणि पेपराला बातम्या देणाऱ्या माणसाच्या घरात हे वाजणार नाही. बायकोला, अनिताला तसं बजावलं. ती बरं म्हणाली.

२५ फेब्रुवारी, दुपारी ३
लवकर घरी आलो. जिन्यातच ऐकू आलं, धप्, धप्. दार उघडेपर्यंत चिडीचूप. टीपॉय भिंतीला सरकवलेला. अनिता घामाघूम, म्हणे जाळी झाडत होते. लेकीवर संशय. दरडावलं. स्नेहल म्हणाली, मी न्हाई ओ पप्पा, आईशप्पथ! आणि आईकडं बघून हसली. गुन्हेगार असाच हसतो.

२८ फेब्रुवारी
शेजारच्या सुलतानबी मला पाहून बोलता बोलता थांबल्या. मेहमूद टेलर म्हणाला, मास्तर, त्या गाण्यासाठी चार ड्रेस शिवलेत, नुसते चमकत्यात. माप पोरींचं न्हाई बरं का, बायकांचं हाय. कुणाचं विचारलं तर टेप गळ्यात टाकून आत गेला. म्हणजे स्नेहल निर्दोष. आपलं घर सुरक्षित. झोप छान लागली.

१ मार्च
आठ तारखेला महिला दिन. कॉलनीच्या हॉलमध्ये तोच नाच. अनितानं विचारलं, अहो, याल ना? पुढच्या रांगेत बसा. पण त्याच दिवशी शिरूरला पुढारी सर्जेराव आबांचा सत्कार. म्हणालो, बातमी आली की मी आलोच समज. ती बरं म्हणाली. फार पटकन. समजूतदार बाई.

५ मार्च
चार दिवस गाणं बंद. जिंकलो. अनिता विचारेन तेवढंच बोलते, ताटात वाढून खिडकीशी उभी राहते. स्नेहल म्हणाली, पप्पा, शिरूर सोडा की हो, आई... आईनं डोळे वटारले, पोरगी गप्प. घरात शिस्त आली आहे.

७ मार्च
दोन्ही बातम्या आजच धाडल्या. वीस वर्षं असंच करतो. भाषणं तीच, टाळ्या त्याच. दौंडचं शीर्षक : ‘चाळिशी ओलांडलेल्या महिलांचा कोरियन धिंगाणा, प्रेक्षकांनी फिरवली पाठ’. एका बैठकीत उतरलं.

८ मार्च, शिरूर, सायंकाळी ७.३०
सत्काराला आबाच नाहीत. निरोप आला : सून दौंडात नाचतीया, तिकडं गेलोय, हार ठिवा माझा. तेवढ्यात स्नेहलचा व्हिडिओ. हॉल खचाखच, लोक खिडक्यांत. चार बायका. पहिल्या सुलतानबी. दुसरीला ओळखायला वेळ लागला.
अनिता.
मान हलली नाही. संपादकांना फोन लावला. म्हणाले, पान छपाईला गेलं सर. झकास लिहिलीत, पहिल्या पानावर घेतली.

९ मार्च, सकाळी ८
पेपर आला. खोलीचं दार उघडलं तर आमच्याच दिवाणखान्यात चौघी बसलेल्या, तेच ड्रेस घालून. सुलतानबी म्हणाल्या, बसा मास्तर, चष्मा लावा. मोठ्यानं वाचायला लावलं. शीर्षकासकट. पूर्ण वाचली. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही.
अनितानं एवढंच विचारलं, अहो, यात माझं नाव का नाही?
जागेअभावी, म्हणालो.