तेलाच्या जोडाचं गॅस्केट

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दादाला जाऊन सव्वा महिना झाला. वहिनी जेवते, पण पानावरून लवकर उठते. मला एका जागी बसवत नाही. ऑफिसातून आलो की शेडमध्ये दादाच्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, घरात येतो, पुन्हा जातो.

गाडीचं इंजिन त्याने उघडलं होतं, ते तसंच पडून होतं. वहिनी म्हणाली, महिनाअखेर चालू झाली तर ठेवू, नाहीतर भंगारवाल्याला सांग, मला तिच्याकडे रोज बघवत नाही. म्हणून रजा काढून जोडायला घेतली. इंजिनात तेल नेणाऱ्या जोडातलं, दोन लोखंडी तोंडांमध्ये बसणारं कागदी गॅस्केट काढताना माझ्याच हातून फाटलं. ते जाड कागदावर ठेवून गिरवलं आणि कापलं. नकाशे गिरवण्यातच माझी सगळी नोकरी झाली, केसाचा फरक नाही. दोन्ही बाजूंना ग्रीसही लावलं, दादा लावायचा तसं, म्हणजे पुढच्या वेळी अख्खं निघेल आणि परत वापरता येईल.

गाडी चालू झाली, पण इंजिन वरच्या बाजूने डबा वाजवल्यासारखं खडखडलं. घाबरून बंद केलं. दादा वर्षभर ह्याच आवाजाचं कारण शोधत होता. त्याला सापडलं नाही, तिथे माझं काय. तुला काही सुचलं तर लगेच लिही.

मुलांना आशीर्वाद. आठवण ठेव.
तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गिरवलंस हे वाचून कपाळावर हात मारला. अरे नकाशेवाल्या, गॅस्केट गिरवायचं नसतं. कागद त्या लोखंडी तोंडावर धरायचा आणि लहान हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत जायचं, कागद आपोआप तुटतो. भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका. खाली जे असेल तेच कागदावर येतं. तू चित्रं काढत बसायचास आणि दादाला गोळ्या मी द्यायचे, म्हणून तुला ठाऊक नाही. ते फाटलेलं जोडावर ठेव आणि भोकं मोज.

आणखी एक. मे महिन्यात आले होते तेव्हा त्याने माझ्याकडून तीन गॅस्केटं कापून घेतली. तेलाच्या जोडाचं त्यात नव्हतं, ते त्याने आधीच स्वतः कापून बसवलं होतं. म्हणाला, बघू तुझा हात अजून चालतो का. मी हुरळून ठोकत बसले. तो चष्मा पुसत नुसता बसून होता. परवापासून तेच डोळ्यांपुढे येतंय.

वहिनीला जप. स्वतःलाही.
तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी राहिली. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

जोडाला भोकं पाच, गॅस्केटला चार. पाचवं आगकाडीच्या गुलाएवढं, इंजिनच्या वरच्या भागात तेल नेणारं; ते बंद, म्हणून वर कोरडं खडखडत होतं. ते दादाकडून राहिलं होतं, आणि मी ते जसंच्या तसं गिरवलं. त्या आवाजासाठी त्याने इंजिन तीनदा उघडलं. दर वेळी गॅस्केट अख्खं निघालं, आणि दर वेळी त्याने तेच परत बसवलं. त्याला दिसत नव्हतं, ताई. आपल्या दोघांनाही कळलं नाही. एवढं लिहून मी दोनदा उठून आलो.

तू सांगितलंस तसं ठोकून पाहिलं. दोन वाया गेली, तिसरं जमलं. आवाज बंद झाला. वहिनीने विचारलं, काय बिघडलं होतं. मी म्हटलं, कागद जुना झाला होता. तिला खरं कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मग ती येऊन गाडीत माझ्या शेजारी बसली. म्हणाली, पुलापर्यंत जाऊन येऊ. गल्लीतून बाहेर पडताना समोर बघत ती रोजच्या सवयीने हळू आवाजात सांगू लागली, डावीकडून सायकल येतेय. पुढे खड्डा आहे. आता मोकळं आहे, घे. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तरी पुलापर्यंत ती सांगत राहिली आणि मी ती सांगेल तसा वळत गेलो.

माया असू दे.
तुझा,
धाकटा