तेजाबाची तालीम

लोणार, ४ नोव्हेंबर १९३४
मेहकरहून बैलगाडीनं आलो. हाडं खिळखिळी झाली, पण जागा पाहून शीण गेला. खाली हिरवट तळं, वर टिनाच्या छपराची आमची प्रयोगशाळा. तळ्याच्या खारापासून सोडा काढायचा, हेच काम. मुख्य वामनराव. त्यांनी स्वतः भाकरी-ठेचा वाढला, मग वाळूच्या बादल्या, घोंगड्या, पाण्याचं टाकं आणि धोक्याची घंटा दाखवली. त्यांच्या आधीच्या प्रयोगशाळेला आग लागली तेव्हा दोन पोरं नुसती बघत राहिली आणि जळाली, म्हणाले. जुने मदतनीस शेषराव मान खाली घालून ऐकत होते. नंतर कळलं, त्याच आगीतून वामनरावांनी त्यांना ओढून काढलं होतं. असा माणूस वरिष्ठ मिळाला, बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
घंटा झाली. तालीम असेल म्हणून हसत पळालो, तर टेबल खरंच पेटलेलं. भांडी धुणाऱ्या गोजरबाईंच्या लुगड्यानं पेट घेतला होता. मी त्यांना घोंगडी गुंडाळली, त्यांची पोटरी तेवढी भाजली. स्पिरिट ओतून काडी वामनरावांनीच लावली होती. खोट्या आगीत माणूस खोटंच शिकतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं. माझी पाठ थोपटली. मला ते थोपटणं अजून जाणवतंय.

१५ नोव्हेंबर
आज वामनरावांनी तेजाबाची बाटली शेषरावांच्या हातावर उलटी केली. मी टाक्याकडे ओढलं, पाणी ओततच राहिलो. कातडी पाण्याबरोबर गेली. वामनराव शेजारी उभे राहून माझ्याकडे बघत होते, पोराचा पहिला नंबर आल्यासारखे.
काऊन सहन करता, असं विचारलं. शेषराव म्हणाले, "जीव त्याईनंच देल्ला बापा. मांगतीन तवा..."

२० नोव्हेंबर
नोकरी सोडतो म्हणून सांगितलं. ते हो म्हणाले. मी वळलो आणि त्यांनी तेजाबाची बरणी माझ्या पायांवर फेकली. मग शेषरावांना म्हणाले, आता तुम्ही दाखवा.
शेषरावांनी पाणी ओतलं. रडत होते. मला उभं राहता येत नाही.

२१ नोव्हेंबर
टेबलावर पडून आहे. पायाच्या बोटांची नखं गेली. गोजरबाई हळूच येऊन म्हणाल्या, "मी जातो मेहकरले, फौजदाराले घेऊन येतो. तू डोये उघडे ठेव."
शेषराव जाऊ शकले असते. माझ्यापाशी थांबले.

२२ नोव्हेंबर
टाकं रिकामं केलंय. बादल्याही. खऱ्या वेळी पाणी असेलच असं नाही, वामनराव दाराबाहेरून सांगत होते.
दाराला बाहेरून कडी.

२३ नोव्हेंबर, दुपार
दाराखालून स्पिरिट आत येतंय. फरशीभर. शेषराव खिडकीचे गज उपटायला बघताहेत, भाजलेल्या हातानं.
वामनराव खिडकीशी. आधी कोण कोणाला वाचवणार, विचारताहेत. हातात काकडा, पेटलेला. तो हात गजांतून आत —
शेषरावांनी गळा धरला. ओढला. तोंड गजावर आपटलं, परत, परत. दात पडले. रक्त भिंतीवर —
मी ओरडतोय, काकडा घ्या आधी. त्यांना ऐकू येत नाही. सोडत नाहीत.
टेबलावरून उतरलो तर पडतो, खाली सगळं स्पिरिट —
वामनराव आता हलत नाहीत. काकडा जळतोय. मुठीतलं एक बोट सुटलं. दुसरं —