किलकेनीचा सामना, दाजींसाठी

शिरूर
गुरुवार, दि. १४ ऑक्टोबर १९९९

आदरणीय नवनाथदाजी यांना संघर्षचा सप्रेम जय भीम.

तुमची आणि मायाताईची तब्येत चांगली असेल असं धरून चालतो. इकडे वडगावला आई-आबा बरे आहेत. मीही बरा आहे. पोटात अधूनमधून गोळा येतो, पण तो शिरूरच्या पाण्यामुळे असावा.

श्रावणात मी राहूला तुमच्या घरी आलो होतो तेव्हा तुम्ही दारातच दोन गोष्टी बजावल्या होत्या. मायाताईला बाळंतपणासाठी माहेरी न्यायचा विषय काढायचा नाही, आणि कबड्डीचं नाव घ्यायचं नाही. "आबांनी चार मानसांत म्हनावं, निकाल चुकला. मग न्या तुमची बहीन," एवढं बोलून तुम्ही मला चहा पाजलात आणि वाटेला लावलंत. दोन्ही गोष्टी माझ्या लक्षात आहेत. म्हणून या पत्रात मी परदेशातल्या एका तिसऱ्याच खेळाबद्दल लिहिणार आहे. तो कबड्डी नाही, त्यामुळे तुमची अट मोडत नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला आहे.

मी ज्या बंगल्यावर स्वयंपाकाला आहे तिथं दोन आयरिश इंजिनिअर राहतात. रांजणगावच्या एका नव्या कारखान्यात मशिनी बसवायला आले आहेत. डेक्लनसाहेब कॉर्कचे आणि नोएलसाहेब किलकेनीचे. ही त्यांच्याकडच्या परगण्यांची नावं आहेत, आपलं शिरूर आणि दौंड म्हणा. दोघंही भले आहेत. वांग्याचं भरीत मागून खातात. पण हर्लिंग नावाचा त्यांचा एक खेळ आहे आणि त्याचा विषय निघाला की एकमेकांकडे असे बघतात की मी आधी टेबलावरचे काचेचे ग्लास उचलतो.

खेळ असा आहे. एका बाजूला पंधरा जण. प्रत्येकाच्या हातात लाकडाची काठी, खालच्या टोकाला उलथन्यासारखी चपटी. चेंडू कातड्याचा, लिंबाहून मोठा, मोसंबीएवढा. तो जमिनीवर, हवेत, कुठंही मारायचा. काही जण चेंडू काठीच्या चपट्या टोकावर नाचवत पळत सुटतात आणि बाकीचे त्यांच्यावर काठ्या घेऊन धावतात. पुष्कळांच्या डोक्याला काही नसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं भांडण लागलं आहे आणि खेळ अजून सुरू व्हायचा आहे.

दोन्ही टोकांना उंच खांब असतात, मधे आडवी दांडी. चेंडू दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर तीन. आणि दाजी, आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. खांबांजवळ दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा पांढरा कोट घातलेली माणसं उभी असतात, त्यांच्याकडे झेंड्या असतात. एका गुणाला पांढरी झेंडी, तीन गुणांना हिरवी. हातवारे नाहीत, आरडाओरड नाही. झेंडी वर गेली की झालं. आबांनी दौंडकडच्या रेल्वे फाटकावर आयुष्यभर झेंडी धरली, त्यामुळे मला त्या कोटवाल्यांविषयी उगाच आपुलकी वाटली.

एक गोष्ट मी मुद्दाम विचारून घेतली. खेळणाऱ्यांना पगार नसतो. कोणी मास्तर, कोणी शेतकरी. सोमवारी परत कामावर. आणि माणूस आपल्या मातीकडूनच खेळतो. मी विचारलं, "लग्न होऊन सासरवाडीला राहायला गेला तर?" नोएलसाहेब म्हणाले, "सासरवाडीविरुद्ध तर जास्तच जोरात खेळतो." त्यांची बायको कॉर्कची आहे. हे ऐकून मला तुमची आठवण झाली, पण ते राहू दे.

यंदाची फायनल बारा सप्टेंबरला झाली. कॉर्क विरुद्ध किलकेनी. इथं ती टीव्हीवर दिसत नाही. नोएलसाहेबांनी भावाला कॅसेट पाठवायला सांगितली आणि जाहीर केलं, कॅसेट येईपर्यंत मला कोणीही निकाल सांगायचा नाही. डेक्लनसाहेबांना त्याच रात्री फोनवरून निकाल कळला होता. म्हणजे एकाच घरात एकाला माहीत आणि एकाला नाही! कॅसेट यायला महिना लागला. तेवढे दिवस नोएलसाहेब बायकोला फोन केला की आधी म्हणायचे, मॅचचं बोलायचं नाही. नंतर हसायलाही बंदी घातली, कारण कॉर्कची बाई कशी हसते त्यावरून कळेल म्हणे.

मला चैन पडेना. निकालाशी माझं काही देणंघेणं नव्हतं, तरी कोण जिंकलं ते कळायला हवं असं वाटायचं. मी डेक्लनसाहेबांचं तोंड न्याहाळायला लागलो. तोंडावरून काही कळेना. मग एके दिवशी वागण्यावरून कळलं. पूर्वी शेवटच्या पोळीवरून दोघांची ओढाओढ चालायची. आता डेक्लनसाहेब गुपचूप ती नोएलसाहेबांच्या ताटात सरकवायचे. कारखान्यातून येताना त्यांच्यासाठी केळी आणायचे. हरलेला माणूस असं करत नाही, दाजी. मी ओळखलं, कॉर्क जिंकलं. पण मीही तोंड बंद ठेवलं. एका घरात आता दोघांना माहीत आणि एकाला नाही असं झालं.

गेल्या रविवारी दुपारी कॅसेट लावली. व्हीसीआर भाड्यानं आणला होता. मलाही बसवून घेतलं. तिकडे पाऊस पडत होता. कॉर्कचे लाल अंगरखे, किलकेनीचे काळे-पिवळे पट्ट्यांचे. पूर्ण सामन्यात एकदाही हिरवी झेंडी वर गेली नाही. एकेका गुणासाठी झुंज. मध्यंतरानंतरही किलकेनी पुढे होतं. नोएलसाहेब खुर्चीतून अर्धे उठलेले, डेक्लनसाहेब नखं बघत बसलेले, आणि लाईट गेली.

शिरूरची लाईट. तुम्हाला सांगायला नको.

नोएलसाहेबांनी आधी डेक्लनसाहेबांकडे बोट करून "एक शब्द नाही!" असं बजावलं. मग वेळ जावा म्हणून मला विचारलं, तुमच्याकडे असा सामना होतो का? मला नाही म्हणायचं होतं. पण त्यांनी फार आस्थेनं विचारलं. म्हणून मी सांगितलं.

(इथून पुढे मी तुमच्या अटीच्या फार जवळून जातो आहे. पण हे मी त्यांना सांगितलं, तुम्हाला नाही. तुम्ही फक्त वाचता आहात.)

मी म्हणालो, भीमजयंतीला आमच्या गावी सामने होते. फायनल वडगाव विरुद्ध नदीपलीकडचं राहू. राहूचा कप्तान म्हणजे माझे दाजी. पंच माझे आबा, कारण दोन्ही गावांना चालेल असं दुसरं माणूस नव्हतं. वडगाव एका गुणानं पुढे. शेवटची चढाई दाजींची. गडी शिवला, परत फिरले, चौघांनी धरलं, तरी लोळत येऊन त्यांनी मधल्या रेघेकडे हात टाकला. आबा रेघेवर ओणवे होते. म्हणाले, हात पोचला नाही. वडगाव जिंकलं.

"पोचला होता का?" नोएलसाहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, मी भाताच्या पातेल्याजवळ होतो, मला दिसलं नाही. हे खरं आहे, दाजी.

"मग नंतर काय झालं?"

"फटाके वाजवले. मिरवणूक काढली."

"हरलेल्यांसाठी कोण ओरडलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, हरलेल्यांच्या नावानं ओरडले. तेवढ्यात लाईट आली.

कॉर्कनं मागून येऊन गाठलं आणि पुढे काढलं. तेरा-बारा. नोएलसाहेबांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि डेक्लनसाहेबांना म्हणाले, "म्हणून केळी आणत होतास होय रे, चोरा!" डेक्लनसाहेबांना महिनाभर दाबलेलं हसू फुटलं आणि नोएलसाहेबही हसायला लागले. मी कॅसेट बंद करायला उठलो तर नोएलसाहेबांनी हाताला धरून खाली बसवलं. "थांब. खरं आता आहे."

कॉर्कचा कप्तान कप घेऊन बोलायला उभा राहिला. बोलणं मला फारसं कळलं नाही. शेवटी त्यानं किलकेनीचं नाव घेतलं आणि त्याच्या माणसांनी मिळून गर्जना केली. तीन वेळा. नोएलसाहेब म्हणाले, ही आमच्याकडची रीत आहे. जिंकलेल्यानं हरलेल्याचा जयकार करायचा, मगच कप घरी न्यायचा. मी विचारलं, निकाल चुकीचा वाटला असेल तरी? ते म्हणाले, तेव्हा तर जास्त गरज असते.

मला रात्री झोप लागली नाही. सोमवारी तीन दिवसांची सुट्टी मागून वडगावला गेलो. आबा ओट्यावर दोर वळत होते. त्यांना सगळं सांगितलं, उलथन्यासारख्या काठीपासून केळ्यांपर्यंत. कोटवाल्यांच्या झेंड्यांचं त्यांनी दोनदा विचारलं. जयकाराचं सांगितल्यावर हातातला दोर थांबला.

"हारल्याला जयकार? आन् जिंकलेला कप्तान सोता करतो?"

"हो आबा."

"निकाल न्हाई ना बदलत?"

"नाही. निकाल तोच राहतो."

आबा म्हणाले, "मंग ह्ये बरं हाय. मी रेघ बघितली. रेघ आन् बोट ह्यात माती दिसत हुती. आता ती दिसली न्हाई म्हनू? डोळ्यानं बघितल्याबिगर म्या कवा झेंडी दावली न्हाई, आन् बघितल्याव मागं घेतली न्हाई. नवनाथला वाटतं सासऱ्यानं गाव धरलं. वाटू दे. पर म्या त्या दिवशी जेवलो न्हाई, ठाव हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं का.

आतून आई म्हणाली, "सांगा की. पोराला सांगत न्हाई, पोरीला सांगत न्हाई."

मग आबांनी सांगितलं. सामना संपल्यावर तुम्ही आमच्या दाराशी पाणी प्यायला आला होतात. ताईनं तांब्या दिला. त्याच वेळी मिरवणूक दारावरून गेली आणि पोरं ओरडली, "जावई आला हात लांबवून, गेला हात चोळून!" तुम्ही तांब्या खाली ठेवलात. पाणी अर्धं तसंच राहिलं. ताईची पिशवी उचललीत आणि दोघं पंगतीला न बसता तसेच निघालात. आबा म्हणाले, "गडी रेघंपाशी हारला तवा ताठ हुता. दारात मान खाली गेली. माझ्या दारात."

दाजी, म्हणजे सहा महिने दोन्ही घरं त्या रेघेवर भांडत बसली आणि खरं जे झालं ते उंबऱ्यावर झालं, असं मला वाटतं. तुम्हाला तसं वाटत नसेल तर हा परिच्छेद वाचला नाही असं समजा.

आता कामाचं लिहितो. येत्या मंगळवारी धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. राहूच्या विहारात वंदनेला दोन्ही गावांची माणसं असतात. आबा येणार आहेत. निकाल चुकला असं ते म्हणणार नाहीत, तेवढी आशा ठेवू नका. पण वंदना झाली की ते सगळ्यांसमोर उभे राहणार आणि राहूच्या संघाचा जयकार करणार. तीन वेळा. वडगावची पोरंही घेऊन येतो म्हणाले. त्या मिरवणुकीत ओरडणारा पोपटराव पहिला तयार झाला. आबांनी त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण तो दोन दिवस आमच्या दारावरून जाताना चप्पल काढून हातात घेतो. मी म्हणालो, "आबा, समोरून कुणीच साथ दिली नाही तर?" आबा म्हणाले, "रेल्वेच्या फाटकाव गाडी थांबत न्हाई. म्हनून काय झेंडी दावायची न्हाई?"

आईही येते आहे. तिच्याजवळ एक कापडी पिशवी असेल. त्यात जुन्या लुगड्यांचं, हातानं शिवलेलं एक दुपटं आहे, आणि बिनबाह्यांची दोन झबली. ती राहूला ठेवायची की वडगावला परत आणायची, आणि परत आणायची तर त्यांच्याबरोबर आणखी कोणी येणार की नाही, हे मी विचारणार नाही. विषय काढायचा नाही असं मी कबूल केलं आहे आणि सबंध पत्रात तो काढला नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. ताईचा सातवा सरला, एवढं फक्त आईला सारखं आठवतं.

नोएलसाहेबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. ते म्हणाले, "एका गुणानं हरलेल्या कप्तानाला सांग, मला समजतं." आज सकाळी त्यांनी शेवटची पोळी डेक्लनसाहेबांच्या ताटात ठेवली.

या पत्राला उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका, ते मंगळवारपर्यंत पोचणारही नाही. पहिला जयकार आबांचा. दुसऱ्याला मी आणि पोरं असू. तिसरा तुम्ही आमच्यात मिसळून दिलात, तर आमच्या दारी राहिलेलं अर्धं पाणी तुम्ही प्यालात असं आम्ही समजू.

ताईला सांगा, आई तांब्या बरोबर आणणार आहे.

मंगळवारी विहाराच्या दाराशी कान देऊन उभा असणारा,
तुमचा मेहुणा
संघर्ष