चावी खिशात होती

ठाकुर्ली
१२ मे २०२४

चि. राजरत्न यास अ. उ. आशीर्वाद.

मोठी बहीण आहे, पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला माहीत नाही, म्हणून आशीर्वाद लिहिला.

तुझे दाजी शुक्रवारी दवाखान्यातून घरी आले. उजव्या हाताची चारही बोटं गेली. जेवण मी भरवते. घास पटापट देते तर म्हणतात, गुरं हाकतेस का. लोकांच्या लग्नाचे मांडव बांधणारा माणूस, आता लेंग्याच्या नाडीला मला हाक मारतो.

वकील म्हणाला, घरचं कुणी जामीन राहिलं तर तू बाहेर येशील. मी राहणार नाही. परत विचारायला पाठवू नकोस. त्या दिवशी सकाळी नळावर ह्यांनी तुझ्या थोबाडीत दिली ती चूकच. पण तू काय बोललास? परत अंगावर आलात तर हात तोडीन. सगळ्या चाळीने ऐकलं. आणि दुपारी जीप तापून आली, ह्यांनी बॉनेट उघडून रेडिएटरला चिकटलेली पिशवी काढायला पंख्याच्या पात्यांमधून हात घातला, आणि सीटवर कोण होतं? तू. शेजारी हळदीचा डीजे दणकत होता, इंजिन चालू झालेलं कुणाला ऐकू येणार.

गाडी तापते म्हणून दोनच दिवस आधी तुम्ही दोघांनी इंजिनावरचा जुना पंखा काढून तो भंगारातला करंटवाला बसवलेला. काय हसत होतात दोघं. करंटवाला असला म्हणून काय झालं, गाडी बंद तर पंखा बंद. एवढं मलापण कळतं, त्या जीपमध्ये बसून मी आयुष्यभर वाटाणे सोललेत. चावी तू फिरवलीस. पोलिसांनी सांगायच्या आधीच मला कळलेलं.

वेळेवर जेव. लोभ होता तेवढा आहे, वाढवायची ताकद नाही.

तुझी ताई,
कल्पिता

*

ठाणे
२४ मे २०२४

ती. ताईस सप्रेम जय भीम. वि. वि.

इथे जेलमध्ये पत्र आधी साहेब वाचतात, मग आम्हाला मिळतं. तुझं अक्षर लावता लावता साहेबांनी दोनदा चष्मा पुसला, असं शिपाई सांगत होता.

नळावर बोललो ते खरं आहे. चारचौघांत थोबाडीत बसली, तोंडातून निघून गेलं. पण ताई, चावी मी फिरवली नाही. गाडी बंद केली, चावी खिशात टाकली, मोबाईल बघत बसलो. दाजी ओरडले तेव्हा उडी मारून पुढे गेलो. पोलिसांनी चावी माझ्या खिशातूनच काढली. ते म्हणाले, काम झाल्यावर काढून ठेवली असशील.

मग पंखा फिरला कसा, ते मलाच कळेना. वेड लागायची पाळी आली. इथे रामा म्हणून एक टॅक्सीवाला आहे. त्याने विचारलं, पंख्याची वायर कुठून घेतलेली? तेव्हा मला आठवलं. दाजी म्हणालेले, चावीकडून वायर घेत बसायला टाइम नाही, लग्नाची ऑर्डर आहे, सरळ बॅटरीवर जोडू. रामाने कपाळाला हात लावला. जुना पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असतो, हा नसतो. पाणी तापलं की ह्याचा स्विच आपोआप लागतो. वायर बॅटरीवर असेल तर गाडी बंद असली तरी फिरतो. आणि गाडी बंद केल्यावर पाणी उलट थोडं जास्तच तापतं. पंचनाम्याला गाडी थंड होती, तेव्हा कसा फिरेल?

जामीन राहू नकोस. एवढंच कर. गॅरेजवाल्या साईनाथला सांग, गाडी तापेपर्यंत फिरवून आणायची. बंद करायची. चावी तुझ्या हातात घे आणि समोर उभी राहा. लांब उभी राहा, तुला प्रत्येक गोष्टीची घाई असते.

दाजींना चालत असेल तर माझा जय भीम सांग. तू पाठ फिरवू नकोस, बाकी काही मागत नाही.

तुझा भाऊ,
राजरत्न

*

ठाकुर्ली
९ जून २०२४

चि. राजरत्न यास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी फाडणार होते. मग म्हटलं, एकदा करून टाकू, म्हणजे तुझं तोंड बंद होईल. बॅटरी उतरलेली, साईनाथने त्याची आणून लावली, वर दहा शब्द ऐकवले. मी वीस ऐकवले. त्याने पत्रीपुलाच्या गर्दीतून गाडी फिरवून आणली, बंद केली, चावी माझ्या हातात दिली. हे भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी खुर्चीसकट फिरवलं.

काहीच झालं नाही. मी तुला शिव्या घालायला लागले. भात लावायला आत वळले आणि मागे घर्रर्र सुरू झालं. सीटवर कुणी नाही, चावी माझ्या मुठीत, आणि तो मेला पंखा गरागरा फिरतोय. ह्यांनी फडक्यातला हात काखेत लपवला. साईनाथने वायर ओढली तेव्हा थांबला.

हे उठून त्या वायरीपाशी गेले. मग म्हणाले, ती वायर मी जोडली. जेवले नाहीत. सकाळी स्वतः म्हणाले, मला ठाण्याला वकिलाकडे ने. वकिलाने पोलिसांकडे नेलं, ह्यांनी जबाब बदलला. सही डाव्या हाताने केली, चार वेळा वाकडी झाली, साहेबाने कागद बदलून दिले.

आता तू सुटशील. थेट घरी ये, कुठे भटकू नकोस. तुझी गादी उन्हात घातलीय. मटण करीन. ह्यांच्यासमोर तो विषय काढायचा नाही, आणि माझ्यासमोरपण नाही. झालं ते झालं.

लोभ धर, निदान घरी येईपर्यंत.

तुझी ताई,
कल्पिता

*

ठाणे
२१ जून २०२४

ती. ताईस सप्रेम जय भीम. वि. वि.

दाजी स्वतः जामीन राहिले, असं वकिलाने सांगितलं. त्यांना सांग, मी विसरणार नाही. सोमवारी सोडतील.

मी ठाकुर्लीला येत नाही. कल्याणला रामाचा भाऊ आहे, त्याच्याकडे खाट मिळेल.

रागाने लिहीत नाही. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. मी आंबे चोरले की तुला माझ्या चेहऱ्यावरून कळायचं, आणि चोरले नसले तर तेही कळायचं. ह्या वेळी तू माझा चेहरा बघायला एकदासुद्धा मुलाखतीला आली नाहीस. पंखा फिरला नसता तर? स्विच बिघडला असता, साईनाथ नाही म्हणाला असता, तर मी तुझ्यासाठी कोण होतो? मी इथे हाच विचार करतो. घरी येऊन तुझ्यासमोर जेवायला बसलो तरी हाच करीन, आणि तू म्हणतेस विषय काढायचा नाही.

सोमवारी गेटवर येऊ नकोस. मला माहीत आहे तू येशील. आलीस तर मी तुझ्या समोरून जाईन, हाक मारू नकोस.

राजरत्न