‘ऊट आय्ता?’ला रकाना नाही

३ जून, मंगळवार
पुण्याहून मराठी प्रश्नावली आली एकदाची. पहिलंच वाक्य: ‘आहारविषयक वर्तनामुळे आपल्या जीवनाच्या गुणवत्तेवर गेल्या तीस दिवसांत कितपत परिणाम झाला?’ तीनदा वाचलं. मी मराठी घरातली, म्हैसुरातली चौथी पिढी, पंधरा वर्षं खाण्याच्या आजारांच्या याच क्लिनिकमध्ये. मलाच धाप लागली. ज्या मुलींना घास गिळणं जड जातं त्यांनी कसं जगतोय ते सांगावं, म्हणून हा कागद. लिहिणारा भरपेट जेवून लिहायला बसला असणार.
डॉ. मॅडम म्हणाल्या, शब्द सोपे करा, पण प्रश्न वाढवायचा नाही, गाळायचा नाही. बरं.

१० जून, मंगळवार
वैष्णवी आईबरोबर आली. अठरा वर्षांची. कुवेंपुनगर, आमच्यासारखंच जुनं मराठी घर, पणजोबा कापड रंगवायचे. दीड वर्ष उपचार चालू. आता बंगळूरला कॉलेज, हॉस्टेल. मॅडमचं ठरलंय, लागोपाठ दोनदा प्रश्नावलीचा आकडा चांगला आला तर जाऊ द्यायचं.
पंचवीस प्रश्न, सात मिनिटं. घरच्यांशी वाद? कधीच नाही. चारचौघांत जेवायची भीती? कधीच नाही. इतकं सुखी माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मी फॉर्म भरला तर माझाच आकडा तिच्या खाली येईल.
आई विचारतात, ‘गुण आला ना हो?’ मथळ्यात राहिलेलं ‘गुणवत्ता’ वाचून बाईंना वाटलं, औषधाचा गुण तपासतोय. समजावलं. मग कळलं, बसमध्येच लेकीला बजावलं होतं, सगळं चांगलं लिही म्हणून. कपाळ माझं.

११ जून
मॅडम खूश. मी म्हटलं, खोटं आहे. त्या म्हणाल्या, कशावरून? बसमधलं बजावणं सांगितलं, तर म्हणे सगळ्याच आया बजावतात. दिवसभर चिडचिड. रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

१७ जून, मंगळवार
आज माझंच तोंड.
दुपारी एक. वै. दारात. आणि मी सवयीने, ‘ऊट आय्ता?’ इथे नमस्कारच तो. बँकेतला शिपाई विचारतो, फुलवाली विचारते, जेवण झालं का. पण या मुलीला! पंधरा वर्षं काय केलं मी?
ती हसून लगेच, ‘आय्तु, अक्का.’ झालं.
माफी मागितली. मग विचारलं, दिवसातून किती जण विचारतात गं? बोटं मोजायला लागली. आजी दोनदा, शेजारच्या आंटी, क्लासचे सर, वॉचमन… दुसरा हात घेतला.
‘सगळे सुम्मने विचारतात, अक्का. मीपण सुम्मने सांगते.’ उगीच विचारतात, उगीच सांगते. ‘खरं सांगितलं तर थांबतील ना ते. मग काय बोलायचं?’
पंचवीस प्रश्नांत हे कुठे भरू?

१९ जून
मॅडमना म्हटलं, हा एक प्रश्न घालू. नाही. प्रमाणित प्रश्नावली, इतर ठिकाणच्या आकड्यांशी ताडून बघता येणार नाही. मी हट्ट धरला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘आणि मोजाल कसं?’
बरोबर विचारलं, म्हणून जास्तच राग आला. त्यांचा नाही. त्यांचाही.

२४ जून, मंगळवार
दुसरा फॉर्म. पुन्हा सगळं कधीच नाही. आकडा मागच्याइतकाच चांगला. नियमाप्रमाणे मुलगी हॉस्टेलला जाणार.
आई औषधाच्या खिडकीशी. वै. पिशवी उचलत होती. मी पेन खाली ठेवलं, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, ‘ऊट आय्ता?’ मुद्दाम. आणि उठले नाही.
ती ‘आय्तु’ म्हणायला लागली, थांबली. खिडकीकडे पाहिलं.
‘इल्ला,’ म्हणाली. मग मराठीत, अगदी हळू, ‘नाही झालं. कालपासून.’
आतून दूध मागवलं. तिने दोन्ही हातांत कप धरला, अर्धा तास लागला, निम्मं प्यायली. आई येऊन बाजूला उभ्या. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण आज ‘गुण आला ना?’ असं विचारलं नाही.
जाताना वै. परत फिरली. ‘हॉस्टेल गेलं ना, अक्का?’
उद्या सकाळी मॅडमपुढे फॉर्म ठेवायचाय. आकडा उत्तम आहे. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने ‘इल्ला’ लिहिलंय. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय.